नैसर्गिक पूरके आणि रुग्ण-समुपदेशन : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात पुराव्याधिष्ठित विचार

गोषवारा

वनौषधींची चूर्णे, काढे, रस, जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि वनस्पतींच्या अर्कांची कॅप्सूल यांचा वापर आज ग्रामीण व नागरी अशा दोन्ही समाजांत सर्रास आढळतो. हा वापर बहुधा डॉक्टरांच्या नकळत होतो. प्रस्तुत लेखात हळद, गुळवेल, सर्पगंधा, कारले इत्यादी परिचित वनस्पतींच्या आधारे नैसर्गिक पूरकांविषयी उपलब्ध असलेल्या पुराव्याचे विवेचन केले असून, रुग्णाला सल्ला देताना चिकित्सकाने कोणती पद्धत अवलंबावी याची मांडणी केली आहे. पदार्थ नैसर्गिक आहे की कृत्रिम, या प्रश्नापेक्षा तो कोणत्या रूपात, किती मात्रेत, कोणत्या औषधाबरोबर आणि कोण घेतो हे प्रश्न अधिक निर्णायक आहेत, असे या विवेचनाचे सूत्र आहे.

बीजशब्द : नैसर्गिक पूरके, पुराव्याधिष्ठित वैद्यक, हळद, गुळवेल, औषध-परस्परक्रिया, समुपदेशन, वर्धा जिल्हा.

प्रस्तावना

आरोग्यविषयक विचारांच्या इतिहासात वर्धा जिल्ह्याचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे. महात्मा गांधींनी १९३६ मध्ये सेवाग्राम येथे वास्तव्य सुरू केल्यानंतर निसर्गोपचार, आहार आणि ग्रामआरोग्य यांविषयीचे त्यांचे प्रयोग याच परिसरात चालले. त्याच भूमीवर १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. आज वर्धा शहराच्या आसपास सेवाग्राम व सावंगी (मेघे) येथे आधुनिक वैद्यकाची महाविद्यालये आहेत आणि सालोड (हिरापूर) येथे आयुर्वेद महाविद्यालय आहे. एकच रुग्ण सकाळी एका दवाखान्यात, सायंकाळी दुसऱ्या पद्धतीच्या वैद्याकडे आणि घरी शेजाऱ्याने सांगितलेल्या काढ्याकडे वळतो, हे या जिल्ह्यात मुळीच नवल नाही.

अशा रुग्णाला सल्ला देणाऱ्या चिकित्सकापुढे दोन सोपे, परंतु अपुरे मार्ग असतात. 'हे सगळे बंद करा' असे फर्मान काढणे हा पहिला आणि 'घ्या, त्याने काही अपाय होत नाही' असे म्हणून विषय संपवणे हा दुसरा. पहिल्या मार्गाने रुग्ण पूरक बंद करत नाही, फक्त सांगणे बंद करतो. दुसऱ्या मार्गाने यकृताला, मूत्रपिंडाला किंवा गर्भाला होणारी इजा वेळेवर लक्षात येत नाही. या दोहोंच्या मधली पुराव्याधिष्ठित वाट स्पष्ट करणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

संकल्पना आणि कायद्याची चौकट

'पूरक' या शब्दाखाली लोकव्यवहारात अनेक भिन्न गोष्टी एकत्र येतात. आहारातील उणीव भरून काढणारी जीवनसत्त्वे व खनिजे, वनस्पतींचे चूर्ण वा अर्क, आयुर्वेदाच्या ग्रंथांतील योग आणि 'ताकदीची पावडर' म्हणून विकली जाणारी मिश्रणे यांचा त्यात समावेश होतो. दुकानातील फळीवर त्या शेजारी शेजारी असल्या तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांचे वर्ग वेगळे आहेत.

आयुर्वेदिक, सिद्ध व युनानी औषधे १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतात. ग्रंथोक्त योगांना उत्पादन-परवाना देताना मान्य ग्रंथाचा आधार हा परिणामकारकतेचा पुरावा म्हणून स्वीकारला जातो. आधुनिक औषधाला बाजारात येण्यापूर्वी ज्या नैदानिक चाचण्यांतून जावे लागते, त्या येथे सामान्यतः अपेक्षित नसतात. आरोग्य-पूरके आणि न्यूट्रास्युटिकल्स ही मात्र २००६च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याखाली, म्हणजे 'अन्न' म्हणून विकली जातात. त्यासंबंधीचे विनियम २०१६ साली प्रसिद्ध झाले. या विनियमांनुसार अशा उत्पादनाच्या वेष्टनावर ते औषधी वापरासाठी नाही, असे नमूद करावे लागते. शिवाय १९५४च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मधुमेह, कर्करोग यांसारखे अनुसूचित आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना मनाई केली आहे.

यावरून चिकित्सकाने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. डबीवर परवाना क्रमांक असणे म्हणजे उत्पादकाला ती वस्तू बनवण्याची परवानगी असणे. त्या वस्तूने रुग्णाचा आजार बरा होतो, असे शासनाने प्रमाणित केले आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. तसेच जी वस्तू 'अन्न' म्हणून विकली जाते, तिच्याकडून औषधाचे काम होईल, अशी अपेक्षा तिच्या स्वतःच्या वेष्टनालाही मान्य नसते.

पुरातनता आणि पुरावा

पूरकांच्या समर्थनार्थ दिला जाणारा सर्वांत प्रभावी युक्तिवाद म्हणजे 'हे हजारो वर्षांपासून चालत आले आहे.' या युक्तिवादाचे नेमके वजन किती, हे हळदीच्या पेटंटच्या प्रकरणातून समजून घेता येते. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर करण्याबाबत मिसिसिपी विद्यापीठाला १९९५ साली अमेरिकेत पेटंट मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर हे महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि जुन्या ग्रंथांतील व लेखांतील उल्लेख पुढे ठेवले. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. या लढ्यात सिद्ध झाले ते हळदीच्या वापराचे प्राचीनत्व. हळदीने जखम किती लवकर भरते, कोणत्या जखमेत भरते, किती मात्रेत भरते, हे प्रश्न त्या निर्णयाच्या कक्षेतच नव्हते. प्राचीन वापर हा परीक्षण करण्याजोगा धागा असतो. तो परीक्षणाची जागा घेऊ शकत नाही.

परीक्षणाने काय साधते, याचे उदाहरण सर्पगंधा या वनस्पतीने पुरवले आहे. भारतीय वैद्यकसंशोधन परिषदेने २०१९ साली गांधीजींच्या आरोग्याविषयी प्रसिद्ध केलेल्या नोंदींनुसार १९४० मध्ये त्यांचा रक्तदाब २२०/११० इतका आढळला होता आणि सर्पगंधेचे थेंब घेतल्याचा उल्लेखही त्यांच्या पत्रव्यवहारात आहे. त्यापूर्वीच, १९३१ मध्ये, गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी या वनस्पतीचा रक्तदाबावरील परिणाम वर्णिला होता. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील अभ्यास १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे वेधले गेले. १९५२ मध्ये तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि काही वर्षे ते रक्तदाबावरील प्रमुख औषध ठरले.

त्याच काळात रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांत औदासीन्य, नाक चोंदणे, नाडी मंदावणे अशा तक्रारीही नोंदल्या गेल्या. रेसर्पिन आणि औदासीन्य यांच्यातील कार्यकारणसंबंधाविषयी पुढे मतभेद झाले. तरी मुद्दा कायम राहतो. ज्या वनस्पतीत शरीरावर परिणाम घडवण्याइतके सामर्थ्य आहे, तिच्यात दुष्परिणाम घडवण्याचेही सामर्थ्य असते. 'गुणकारी आहे, पण अपाय शून्य आहे' हा दावा म्हणूनच संशयास्पद समजावा. हा विचार परंपरेला परका नाही. योग्य रीतीने योजलेले विषही औषध होते आणि अयोग्य रीतीने योजलेले औषधही विष होते, असा विचार चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आला आहे. मात्रा, काल आणि अनुपान या आयुर्वेदाच्या संज्ञा याच सावधगिरीच्या निदर्शक आहेत. बाजारातील डबीवर मात्र वनस्पतीचे नाव ठळक असते आणि या तीन गोष्टी बहुधा गळालेल्या असतात.

हळद : स्वयंपाकघरापासून कॅप्सूलपर्यंत

वर्धा जिल्ह्यासाठी हळदीचा प्रश्न विशेष जिव्हाळ्याचा आहे. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला. तिच्यातील कर्क्युमिनचे अधिक प्रमाण हे तिचे वैशिष्ट्य मानले जाते. साहजिकच 'कर्क्युमिन जितके जास्त तितके आरोग्य चांगले' अशी समजूत रूढ होते आणि कर्क्युमिनची कॅप्सूल ही घरच्या हळदीचेच सोयीस्कर रूप आहे, असे मानले जाते. ही समजूत आकड्यांच्या आधारे तपासून पाहणे आवश्यक आहे.

सामान्य हळदीत कर्क्युमिन व त्याच्या वर्गातील द्रव्यांचे प्रमाण सुमारे ३ टक्के असते. एखादी व्यक्ती दिवसभराच्या भाजी-वरणातून दोन ग्रॅम हळद घेत असेल, तर तिच्या पोटात सुमारे ६० मिलिग्रॅम कर्क्युमिन जाते. बाजारात मिळणाऱ्या ५०० मिलिग्रॅमच्या आणि ९५ टक्के शुद्धतेच्या एका कॅप्सूलमध्ये ते सुमारे ४७५ मिलिग्रॅम असते. अन्नातील रंगद्रव्य म्हणून कर्क्युमिनचे स्वीकार्य दैनंदिन प्रमाण आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलो वजनामागे ३ मिलिग्रॅमपर्यंत ठरवले आहे. ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ते १८० मिलिग्रॅम होते. म्हणजे स्वयंपाकातील हळद या मर्यादेच्या पुष्कळ आत राहते आणि एकच कॅप्सूल ती ओलांडते.

दुसरा मुद्दा शोषणाचा आहे. कर्क्युमिन आतड्यातून फारच कमी शोषले जाते. बंगळूरू येथील संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिले की, दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातील पायपरिन हे द्रव्य २० मिलिग्रॅम दिले असता मानवी रक्तातील त्याची उपलब्धता सुमारे वीस पट वाढते. म्हणूनच अनेक उत्पादनांत पायपरिन मिसळलेले असते. हे पायपरिन यकृतातील औषध-विघटनाची प्रक्रिया मंदावत असल्याने फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल, थिओफायलिन यांसारख्या औषधांची रक्तातील पातळीही वाढू शकते. याच गुणाचा उपयोग करून जम्मू येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधनातून रिफाम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमपर्यंत कमी करणारा क्षयरोगावरील संयुक्त योग तयार झाला. जाणीवपूर्वक वापरले तर जे साधन ठरते, तेच नकळत घेतले गेले तर अपायकारक ठरू शकते.

या सैद्धांतिक शक्यतेला आता नैदानिक नोंदींचा आधार मिळाला आहे. अमेरिकेतील औषधजन्य यकृत-इजेच्या नोंदणी-जाळ्याने २०२२ मध्ये हळदीच्या पूरकांशी संबंधित दहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. हे सर्व रुग्ण २०११ नंतरचे होते. त्यांपैकी पाच जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि एकाचा तीव्र यकृत-निकामीपणामुळे मृत्यू झाला. तपासलेल्या सात उत्पादनांपैकी तिन्हींत पायपरिन आढळले. दहापैकी सात रुग्णांत 'एचएलए-बी ३५:०१' हा विशिष्ट जनुकीय प्रकार होता. म्हणजे इजेचा धोका सर्वांना सारखा नसून तो प्रकृतीनुसार बदलतो. त्याच वर्षी इटलीने हळदीच्या पूरकांवर धोक्याची सूचना छापणे बंधनकारक केले आणि २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या औषध-नियामक संस्थेनेही यकृत-इजेबाबत इशारा दिला.

या पुराव्याचा अर्थ अतिशयोक्ती न करता लावला पाहिजे. कोट्यवधी लोक रोज हळद खातात आणि त्यांना काहीही होत नाही. कॅप्सूल घेणाऱ्यांपैकीही फार थोड्यांनाच इजा होते. गुडघ्याच्या संधिवातातील वेदना कर्क्युमिनमुळे काही प्रमाणात कमी होते, असे काही लहान चाचण्यांत आढळलेही आहे. तेव्हा रुग्णाला सांगावयाचे ते असे : भाजीतील हळद चालू ठेवावी, कॅप्सूल हे मात्र औषधाच्या ताकदीचे द्रव्य समजावे, ते सुरू करण्यापूर्वी विचारावे आणि भूक मंदावणे, लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे यांपैकी काहीही जाणवल्यास तत्काळ थांबवून दवाखाना गाठावा.

हळदीबाबत भेसळीचाही प्रश्न आहे. हळदीला तेजस्वी पिवळा रंग यावा म्हणून लेड क्रोमेट चोळण्याचा प्रकार दक्षिण आशियात अनेक ठिकाणी उघडकीस आला. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे आढळले होते. कठोर अंमलबजावणीनंतर २०२१ मध्ये हे प्रमाण शून्यावर आले. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा दुष्परिणाम होत असल्याने हा विषय केवळ ग्राहकहिताचा राहत नाही. जिल्ह्यातील ओळखीच्या शेतकऱ्याकडून हळकुंडे घेऊन दळून आणण्याची जुनी रीत या दृष्टीने आजही शहाणपणाची ठरते.

गुळवेलीचा धडा

कोविड-१९च्या साथीत गुळवेलीचा वापर झपाट्याने वाढला. कडुनिंबावर चढलेली वेल तोडून तिचा काढा घरोघरी उकळला गेला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतील यकृततज्ज्ञांना गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृतदाह आढळला. ही निरीक्षणे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर २०२२ साली देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अनेक रुग्णांतील चित्र स्वयंप्रतिकारजन्य यकृतदाहासारखे होते. प्रतिकारशक्ती 'वाढवणारे' द्रव्य, जिची प्रतिकारयंत्रणा आधीच स्वतःच्या यकृतावर उलटण्याच्या बेतात आहे अशा व्यक्तीत दबलेला आजार जागा करू शकते, असे अनुमान त्यातून पुढे आले.

आयुष मंत्रालयाने या निष्कर्षांवर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती निश्चितपणे ओळखली गेली नव्हती, तिच्याशी साम्य असलेली दुसरी जाती वापरली गेली असण्याची शक्यता होती, असा त्याचा आशय होता. गुळवेल सुरक्षित असल्याचे मंत्रालयाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. हा वाद चिकित्सकाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. यकृताला इजा खऱ्या गुळवेलीने झाली असो वा चुकीच्या वेलीने, रुग्णाचे यकृत तेवढेच धोक्यात येते. वनस्पतीची ओळख पटवणे सामान्य माणसाला कठीण आहे, ही बाब सावधगिरीचे कारण वाढवते, कमी करत नाही. म्हणून ज्यांना यकृताचा आजार, थायरॉइडचा स्वयंप्रतिकारजन्य विकार किंवा संधिवाताभ आहे, अशांनी गुळवेल तज्ज्ञ देखरेखीशिवाय घेऊ नये. अश्वगंधेच्या बाबतीतही आइसलंड व अमेरिका येथील पाच रुग्णांत यकृत-इजा झाल्याचे २०२० मध्ये नोंदले गेले आहे.

क्षयरोगाच्या रुग्णात हा मुद्दा अधिकच गंभीर होतो. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड ही तिन्ही औषधे स्वतःच यकृताला इजा करू शकतात. त्यांच्यासोबत रुग्ण गुपचूप काढा घेत असेल आणि त्याला कावीळ झाली, तर दोष क्षयरोगाच्या औषधांवर येतो, उपचार थांबतो आणि जंतू प्रतिरोधक बनण्याचा मार्ग मोकळा होतो. अशा प्रसंगी एका न विचारलेल्या प्रश्नाची किंमत रुग्णाबरोबर त्याच्या घरातील इतरांनाही मोजावी लागते.

नित्याच्या परस्परक्रिया

बाह्यरुग्ण विभागात वारंवार समोर येणाऱ्या काही बाबी पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१. कारले, मेथी, जांभळाच्या बियांचे चूर्ण : रक्तशर्करा थोडी कमी करण्याचा गुण यांत असू शकतो. तथापि कारल्यासंबंधी २०१२च्या कॉक्रेन आढाव्यात चार चाचण्यांतील ४७९ व्यक्तींचा विचार करूनही मधुमेहावर शिफारस करण्याइतका पुरावा मिळाला नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्यांबरोबर ही चूर्णे घेतल्यास शर्करा अचानक उतरू शकते. याहून मोठा धोका म्हणजे चूर्णावर विसंबून इन्शुलिन सोडणे हा होय.

२. दुधीभोपळ्याचा रस : कडू दुधीतील कुकर्बिटासिन हे द्रव्य विषारी असते. दुधीच्या रसाने झालेल्या मृत्यूंनंतर भारतीय वैद्यकसंशोधन परिषदेने नेमलेल्या समितीने कडू रस मुळीच पिऊ नये, असा सल्ला दिला. 'कडू तेच गुणकारी' हा समज येथे जिवावर बेतू शकतो.

३. ज्येष्ठमध : दीर्घकाळ व अधिक प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम घटते. मूत्रल औषधे घेणाऱ्या हृदयरुग्णात हे धोक्याचे आहे.

४. इसबगोल : बद्धकोष्ठावर उपयुक्त व कोलेस्टेरॉल किंचित कमी करणारे असे हे चांगला पुरावा लाभलेले द्रव्य आहे. मात्र ते पुरेशा पाण्याबरोबर आणि इतर औषधांपासून काही अंतर ठेवून घ्यावे.

५. लोह व कॅल्शियम : थायरॉक्सिनच्या गोळीपासून किमान चार तासांचे अंतर हवे. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण लक्षणीय संख्येने आहेत. त्यांच्यात, विशेषतः वारंवार रक्त चढवलेल्यांत, 'रक्तवाढीचे' टॉनिक तपासणीशिवाय देऊ नये. अशा रुग्णांत लोह आधीच साचलेले असू शकते.

६. बायोटिन : केसांसाठीच्या गोळ्यांतील हे जीवनसत्त्व थायरॉइड व हृदयविकाराच्या काही रक्तचाचण्यांचे निष्कर्ष चुकवू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला होता.

७. भस्मे व रसौषधी : बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. पोटदुखी, रक्तक्षय व हातापायांतील अशक्तपणा एकत्र आढळल्यास शिशाच्या विषबाधेचा विचार व्हावा.

पूरक जेथे खरोखर उपकारक ठरते

पुराव्याधिष्ठित दृष्टिकोन म्हणजे पूरकविरोध नव्हे. योग्य व्यक्तीला, योग्य कारणासाठी दिलेले पूरक आयुष्य बदलते. ज्या मातांच्या पूर्वीच्या अपत्यात मज्जानलिकेचा दोष होता, त्यांना गर्भधारणेच्या सुमारास फॉलिक आम्ल दिल्याने तो दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटते, हे १९९१च्या ब्रिटिश चाचणीने सिद्ध केले. झारखंडमधील क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना पोषक शिधा व सूक्ष्मपोषके दिल्याने त्यांच्यात क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. या दुसऱ्या उदाहरणात मुख्य 'पूरक' होते ते धान्य व डाळ.

याच्या उलट, उणीव नसताना दिलेले जीवनसत्त्व घातकही ठरू शकते. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले. हे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. गाजर-पालक खाणाऱ्यांत कर्करोग कमी आढळतो, या निरीक्षणावरून ही चाचणी योजली गेली होती. भाजीचा गुण तिच्यातील एका द्रव्याच्या गोळीत उतरेलच असे नाही, हा तिचा बोध आहे.

समुपदेशनाची पद्धत

वरील विवेचनावरून चिकित्सकासाठी पुढील क्रम सुचवता येतो.

पहिली पायरी विचारण्याची. 'आणखी काही औषध घेता का?' या प्रश्नाला बहुतेकदा 'नाही' असेच उत्तर येते, कारण काढा वा चूर्ण यांना रुग्ण औषध समजतच नाही. म्हणून त्याच्या भाषेत आणि नावानिशी विचारावे. 'काकाजी, घरी काढा, चूर्ण, रस, पावडर, ताकदीची गोळी असं काही चालू आहे का? कोणी सांगितलं होतं?' हा प्रश्न दरडावणीच्या सुरात आला, तर संवाद तेथेच संपतो. काढा करून देणारी बहुधा घरातील सून किंवा आई असते. तिलाही या संभाषणात सामील करून घ्यावे.

दुसरी पायरी पाहण्याची. पुढच्या खेपेस डबी वा पुडी सोबत आणण्यास सांगावे. वेष्टनावरील घटक, मात्रा, परवान्याचा प्रकार व मुदत पाहावी. खुल्या पुडीतील वा नाव नसलेले चूर्ण असल्यास ते न घेण्याचा स्पष्ट सल्ला द्यावा. सांधेदुखी वा दम्यावर एका दिवसात 'चमत्कार' करणाऱ्या अशा चूर्णांत स्टिरॉइड मिसळलेले असण्याची शक्यता ध्यानात ठेवावी आणि अशा रुग्णात ते एकाएकी बंद करण्याऐवजी देखरेखीखाली कमी करावे.

तिसरी पायरी पुरावा तोलण्याची. प्रयोगशाळेतील पेशींवरील परिणाम, प्राण्यांवरील परिणाम, मोजक्या रुग्णांचे अनुभव, यादृच्छिक नियंत्रित चाचणी आणि अशा अनेक चाचण्यांचा पद्धतशीर आढावा ही चढती भाजणी आहे. जाहिरातीत 'संशोधनाने सिद्ध' असे म्हटलेले असते तेव्हा ते संशोधन या भाजणीत कोठे बसते, हे पाहावे.

चौथी पायरी निर्णयाची. रुग्णाच्या पूरकांची तीन गटांत विभागणी करावी. स्वयंपाकातील मसाले, इसबगोल, उणीव सिद्ध झालेली जीवनसत्त्वे ही 'चालू ठेवावी' या गटात येतात. मधुमेहातील मेथी-कारले अथवा सांधेदुखीतील कर्क्युमिन 'लक्ष ठेवून घ्यावी' या गटात येतात आणि त्यासाठी शर्करा किंवा यकृताच्या तपासणीची तारीख ठरवून द्यावी. गर्भवती व स्तनदा माता, लहान मुले, यकृत वा मूत्रपिंडाचे रुग्ण, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे आणि क्षयरोगाचा उपचार चालू असलेले रुग्ण यांच्यासाठी बहुतेक अर्क-कॅप्सूल व भस्मे 'थांबवावी' या गटात जातात. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी सुमारे दोन आठवडे वनौषधींची पूरके बंद ठेवणे इष्ट असते.

पाचवी पायरी नोंदीची. रुग्णाच्या कागदावर पूरकाचे नाव व मात्रा लिहावी. दुष्परिणामाचा संशय आल्यास तो राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमाकडे, १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर किंवा वैद्यकीय महाविद्यालयातील केंद्रामार्फत कळवावा. आयुष औषधांसाठी नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेच्या समन्वयाखाली स्वतंत्र दक्षता-यंत्रणा आहे. नोंदीच न झाल्यास 'आजवर कोणाला काही झाले नाही' हे विधान तपासून पाहण्याचा मार्गच उरत नाही.

महाविद्यालयांची भूमिका

हा विषय एकट्या चिकित्सकाच्या आवाक्यातला नाही. वनस्पतिशास्त्र विभाग गुळवेल व तिच्यासारख्या दिसणाऱ्या वेलींच्या ओळखीचे नमुने तयार करू शकतो. रसायनशास्त्र विभाग स्थानिक बाजारातील हळदीतील शिशाची चाचणी हाती घेऊ शकतो. गृहविज्ञान व समाजशास्त्र विभाग घरगुती काढ्यांची नावे, घटक व वापराची कारणे नोंदवू शकतात आणि भाषा विभाग वेष्टनावरील सूचना रुग्णाला कळतील अशा मराठीत मांडू शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून ही माहिती गावापर्यंत नेता येईल. एकाच जिल्ह्यात आधुनिक व आयुर्वेदीय अशा दोन्ही परंपरांच्या शिक्षणसंस्था असल्याने दोघांनी मिळून एकाच रुग्णाच्या कागदावर सर्व उपचारांची नोंद ठेवण्याची पद्धत वर्धा जिल्ह्यात रुजवणे शक्य आहे.

निष्कर्ष

नैसर्गिक पूरकांविषयी सल्ला देताना 'नैसर्गिक' हे विशेषण निर्णयाला पुरेसे नसते. हळदीने दाखवले की रूप व मात्रा बदलली की गुणधर्मही बदलतात. गुळवेलीने दाखवले की ओळख व रुग्णाची प्रकृती निर्णायक असते. सर्पगंधेने दाखवले की परंपरेतील ज्ञान काटेकोर परीक्षणाने जगाच्या उपयोगी पडते आणि त्याच परीक्षणात त्याचे अपायही उघड होतात. परंपरेचा आदर आणि पुराव्याची मागणी यांत विरोध नाही. रुग्णाने विश्वासाने पुढे केलेली डबी हातात घेऊन ती वाचणे, तिच्याविषयी जे निश्चित ज्ञात आहे ते सोप्या शब्दांत सांगणे आणि जे ज्ञात नाही तेही प्रांजळपणे सांगणे, हे चिकित्सकाचे कर्तव्य आहे. ते पार पडले तर रुग्ण लपवणार नाही आणि होऊ शकणारी इजा वेळीच थोपवता येईल.